वाघनख आणि मोहरीची उशी

आई, सापडलं. वाघनख सापडलं.

हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागाहून. तुमचं तेरावं परवा झालं. गॅलरीत अजून सतरंज्या वाळताहेत, शेजाऱ्यांकडून आणलेली मोठी भांडी परत करायची राहिलीत, आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून एकटीच हसतेय. समोरच्या वहिनी मघाशी दारातून डोकावून गेल्या. सासू जाऊन पंधरा दिवस झाले आणि सून खदाखदा हसतेय, काय समजायचं ते समजल्या असतील. समजू दे. पाच वर्षं लोकांचं माझ्याबद्दल काय काय समजून झालंय, त्यात आणखी एक.

सुटले हो मी, आई. खरंच सुटले. तुम्ही गेलात म्हणून नाही, तसलं काही मनात आणू नका. रडायचं तेवढं रडून झालंय आणि अजून बरंच रडायचं बाकी आहे. पण छातीवरचा एक धोंडा काल दुपारी बाजूला झाला, आणि धावत जाऊन ज्यांना सांगावं त्या तुम्हीच नाही. म्हणून इथं बसून सांगतेय. ऐका. आणि मधे मधे बोलू नका, तुम्हाला ती सवय आहे.

लग्न होऊन मुलुंडच्या या दोन खोल्यांत आले त्याच आठवड्यात तुम्ही मला ते दाखवलं होतं. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली, पितळेच्या डबीत. तुमच्या आजेसासऱ्यांपासून घरात चालत आलेलं. दोन नखं, पिवळट, मुळाशी चांदीचं टोपण बसवलेलं, टोकं दोन बाजूंना वळलेली, मधे कडी आणि कडीत काळा गोफ. घरातल्या प्रत्येक बाळाच्या गळ्यात ते बारशाला घालायचं आणि दात येईपर्यंत काढायचं नाही, ही रीत. मग बाळाला दृष्ट लागत नाही, बाळ झोपेत दचकत नाही, असं तुम्ही मला सांगत होतात. मी तेव्हा प्रसूतिगृहात नर्स होते, अजूनही आहे, आणि माझं तोंड तेव्हाही असंच होतं. मी विचारलं, "वाघ मारला कुणी?"

तिथून आपलं सुरू झालं. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, वाघ गोठ्यात शिरला आणि आजेसासऱ्यांनी त्याला भाल्यानं मारला. पुढच्या गणपतीत तोच वाघ कुणा साहेबाच्या बंदुकीनं मेला, आजेसासरे नुसते हाकारे घालायला होते. गौरी पोटात असताना मला सातवा लागला, तोपर्यंत वाघ विहिरीत पडून आपणहून मेलेला होता. मी म्हटलं, "आई, तुमच्यात एक वाघ किती वेळा मरतो हो?" तुम्ही भाकरी थापताना मानसुद्धा वर न करता म्हणालात, "वाघ कसोय मरांदे. नख तर खरां आसा मा?" मी म्हटलं, आता सरकारनं वाघ मारायला बंदी केलीय, पकडून नेतील. तर म्हणे, "मेल्लो वाघ परत कोण मारतलो गो?" एकदा डोंगराकडच्या वस्तीत बिबट्या आला, दोन कुत्री नेली, संध्याकाळी सगळी कॉलनी दारं लावून आत बसली. तुम्ही खुशाल जिन्याच्या पायरीवर तांदूळ निवडत. "आमच्या ट्रंकेत त्याचो बापूस आसा," म्हणालात. हे, म्हणजे तुमचा मोहन, हसून हसून बेजार झाले होते.

पण त्याच सातव्या महिन्यात एका दुपारी नारळ खवता खवता तुम्ही मला ते दुसरं सांगितलंत. एकदाच. परत कधीच नाही. मोहनच्या आधी तुम्हाला दोन मुलं झाली होती, गावी. मुलगा आठव्या दिवशी गेला. अंग ताठ झालं, जबडा मिटला, दूध आत जाईना. दोन वर्षांनी मुलगी झाली, ती नवव्या दिवशी, तशीच. दोघंही बारशापर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून नख त्यांच्या गळ्यात पडलंच नाही. तिसऱ्या खेपेला तुम्ही मुंबईत होतात. तुमच्या सासूनं गावाहून माणसाबरोबर नख पाठवलं आणि निरोप दिला की बारशाची वाट बघू नको, जन्मल्या दिवशी बांध. तुम्ही हॉस्पिटलात खाटेवरच बांधलंत. मोहन जगला.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. नुसता तुमच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. पण मी काय केलं? मी विचारलं, "पहिल्या दोघांची नाळ कशानं कापली होती?"

"सुईणीन. कोयत्यान."

"मग तो धनुर्वात, आई. कोयता उकळून घेतला असता तर दोघंही जगली असती. हे जगले ते हॉस्पिटलच्या कात्रीमुळं. नखाचा काय संबंध?"

तुमचा हात थांबला. अर्धी वाटी तशीच हातात. मग म्हणालात, "माका तेव्हा कोणीच सांगूक नाय गो." आणि उठून आत गेलात. उरलेला नारळ मी खवला. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला आपण वाद जिंकलो असंच वाटलं होतं.

गौरी झाली एक्क्याऐंशीच्या श्रावणात. मला माहेरी आई नव्हती, त्यामुळं बाळंतपण सगळं तुम्हीच केलंत. शेक, धुरी, अळिवाची खीर, पाठीला तेल. ही मोहरीची उशीसुद्धा तुम्हीच शिवलीत, वीतभर लांबीची, आत मोहरी भरलेली, बाळाचं डोकं छान गोल व्हावं म्हणून. त्याला माझी काही हरकत नव्हती. मोहरी कुणाला चावत नाही.

आणि मग बारसं. पाळण्याखालून गोपाळ घ्या, गोविंद घ्या झालं, नाव ठेवून झालं, आणि तुम्ही पदराखालून पितळेची डबी काढलीत. बारा दिवसांची बाळंतीण मी, झोप नाही, डोकं ठणकतंय, आणि आदल्याच महिन्यात आमच्या हॉस्पिटलात एक बाळ आणलं होतं ज्याच्या मानेच्या घडीत काळा दोरा रुतून आत पू झाला होता. मी सगळ्यांदेखत उभी राहिले. "नाही घालायचं," म्हटलं. वॉर्डात नव्या पोरींना सांगते तसं एकेक बोट मोडून सांगितलं. गोफ मानेत रुततो. टोक डोळ्यात जातं. आणि पिढ्यान् पिढ्या पोरांनी चोखलेलं आहे ते, त्याच्यावर किती जंतू असतील! घर माणसांनी भरलेलं. तुम्ही हातात नख धरून उभ्या. तरी माझं समाधान नाही. मी म्हटलं, "शपथ घ्या आई. गौरीच्या डोक्यावर हात ठेवून. हिच्या गळ्यात कधीही घालणार नाही म्हणून."

सासूला चारचौघांत शपथ घ्यायला लावणारी सून मुलुंडनं तरी तोवर पाहिली नसेल. यांचं तोंड पांढरं पडलं. पण तुम्ही खरंच पुढे आलात. गौरीच्या टाळूवर हात ठेवलात. "चेडवाच्या गळ्यात घालूचंय नाय. शपथ." नख डबीत ठेवलंत, डबी कमरेला खोचलीत आणि वाढायला गेलात. पानं वाढताना तुमचा हात जरासुद्धा हलत नव्हता, ते मला आठवतं.

नंतर तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत. मी वाट बघत होते, टोमणा येईल, रुसवा येईल. काही नाही. फक्त चार-पाच दिवसांनी मी गौरीची वाटी-चमचा उकळत होते, तेव्हा तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात.

"काय गो नर्सबाय, जंतू मरूक किती वेळ उकळूक व्हया?"

"वीस मिनिटं. पाणी खळखळायला लागल्यापासून."

"वीस," तुम्ही म्हणालात आणि घड्याळाकडे बघितलंत. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, शिकतायत हळूहळू.

त्या दिवाळीला साफसफाई काढली. खाली बोहारीण ओरडत आली. तुम्हीच म्हणालात, ट्रंकेतली जुनी लुगडी देऊन टाक. मी गाठोडंच्या गाठोडं उचललं आणि झटकलंसुद्धा नाही. जिन्यात अर्धा तास घासाघीस करून तिच्याकडून जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घेतलं. तुम्ही वरून ओरडत होतात, "झाकणी पण घे गो!" झाकणी काही तिनं दिली नाही.

हे पातेलं लक्षात ठेवा, आई. त्याच्यापायी मी पाच वर्षं जळले.

चौऱ्याऐंशी साली बोरिवलीला शैलाला मुलगा झाला. शैला तुमची धाकटी सून, माझी जाऊ. बारशाला आपण गेलो. नाव ठेवून झालं आणि शैलाची आई म्हणाली, "आता ते तुमचं वाघनख घाला." शैलानं मुद्दाम नवा रेशमी गोफ आणून ठेवला होता, लाल. आणि तुम्ही म्हणालात, "ता हरवलां. माझ्या हातसून."

सगळं घर गार. आणि मग एकेक मान वळली, माझ्याकडे. शैला पाळण्याशी वाकून, आपल्यालाच ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "टाकलंच असेल कुणीतरी. ताईंना आवडतच नव्हतं ना." बेत काही जमला नाही, सगळ्यांना ऐकू गेलं. आणि तुम्ही केवढ्यानं कडाडलात! "थोरलीचा नाव घेव नकात! माझ्या हातसून हरवलां म्हणतंय मा!" ज्यांना तोवर माझा संशय आला नव्हता त्यांनाही तिथंच आला. वाट लागली माझी. सून चोर आणि सासू देवमाणूस, असं पक्कं झालं.

परतताना बसमध्ये मी तुमच्याशी भांडले. "मला वाचवायला जाऊ नका. मी घेतलेलं नाही!"

"मी खंय म्हणतंय तू घेतलंस?"

"मग ओरडलात कशाला एवढ्यानं?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. मला वाटलं, यांनाही माझाच संशय आहे.

घरी आल्यावर तुम्ही अंघोळीला गेलात तशी मी ट्रंक उघडली. पितळेची डबी होती. आत काहीच नव्हतं. आणि तिथं ट्रंकेसमोर बसल्या बसल्या मला ते लुगड्यांचं गाठोडं आठवलं. तुम्ही नख डबीतून काढून कुठल्यातरी घडीत ठेवलं असणार, आणि मी ते न झटकता बोहारणीच्या टोपलीत टाकलं. म्हणजे शैला म्हणते ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं खरं होतं. टाकलं मीच, फक्त मुद्दाम नाही.

तुम्हाला सांगायला किती वेळा आले असेन! तुम्ही भाजी चिरत बसल्या असाल, मी समोर येऊन बसायची, "आई," म्हणायची आणि मग मिठाचं काहीतरी विचारून उठायची. कुठल्या तोंडानं सांगणार होते? ज्या नखानं आपला मुलगा जगला असं तुम्ही उभा जन्म मानलंत, ते मी एका पातेल्यासाठी देऊन टाकलं? तुमच्या दोन बाळांबद्दल मी तुम्हाला तसं फाडकन सांगितलं होतं. आता वर हे? त्याच पातेल्यात तुम्ही रोज सकाळी दूध तापवायचात. दूध वर यायला लागलं की मी दुसऱ्या खोलीत जायची.

शैला गणपतीला राहायला यायची बंद झाली. भावजी एकटेच यायचे, एक मोदक खायचे, घड्याळ बघायचे. गौरी विचारायची, निखिल का नाही आला, आणि मी तिला परीक्षा सांगायची. चार वर्षांच्या पोराची कसली परीक्षा!

आणि तुमचं ते उशीचं खूळ. त्याच बारशात, सगळी तोंडं वाकडी झालेली असताना, तुम्ही पिशवीतून गौरीची मोहरीची उशी काढून शैलाच्या हातात दिलीत. "हीच वापर. आणि काम झाला की माका परत दी." शैलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नखाऐवजी जुनी उशी! पण तुम्ही सोडता कसल्या? गुडघे धरलेले, तरी दर रविवारी मुलुंडहून बोरिवलीला जायचात, बाळाच्या डोक्याखाली उशी आहे की नाही बघायचात, चहा घेऊन परत. मला वाटायचं, नख हरवलं म्हणून मन खातंय यांना. उशी परत आली, ट्रंकेत गेली. गेल्या वर्षी शैलाला मुलगी झाली तेव्हा परत तीच उशी, तोच हट्ट, तेच रविवार.

आता एक कबूल करते. शेवटच्या चार दिवसांतलं. तुम्हाला हॉस्पिटलात आणलं तेव्हा तुमचा आवाज पार बसला होता, पण एक गोष्ट तुम्ही दोनदा म्हणालात. "शैलाकडसून मोहरीची उशी हाडून घे." मी सलाइनच्या थेंबांकडे बघत होते. म्हटलं, "आई, आता कुठलं बाळ येतंय आपल्या घरात? गप पडून राहा बघू." वॉर्डातल्या आवाजात बोलले. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, तोंड उघडलंत आणि मिटलंत. मी स्टूल ओढून पाच मिनिटं बसले असते तर तुम्ही सांगितलं असतं. नाही बसले. हे माझं मला लागलंय, आणि ते काही कालच्यानं पुसलं गेलेलं नाही.

तर काल. जेवणं झाल्यावर शैला आली, हातात पिशवी. तुमच्या तेराव्याला ती मोरीचं दार लावून आत रडत होती, मी ऐकलं होतं, पण माझ्याशी बोलली नव्हती. उशी जमिनीवर ठेवून म्हणाली, "आईंनी बजावून ठेवलं होतं, परत द्यायची. घ्या. दिली." पोरीनं चावून चावून एक बाजू उसवली होती, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत मोहरीची रांग लागलेली. मी म्हटलं, "बस जरा, चहा टाकते. शिवून ठेवते ही, नाहीतर मुंग्या लागतील." सूप आणलं, कात्रीनं शिवण उसवली आणि उशी उलटी केली.

मोहरी सगळी पडली तरी एक कोपरा जडच. गौरी तान्ही असतानासुद्धा तो कोपरा हाताला टणक लागायचा, मी एकदा विचारलंही होतं. "मोहरी सांडता, म्हणान कोपरो घट्ट शिवलंय," म्हणाल्या होतात. मी बोट घातलं. आत दोऱ्यानं टाचलेली एक पुरचुंडी होती, गौरीच्या गुलाबी दुपट्याच्या कापडाची. दोरा कापला. कापड उलगडलं.

शैला वाकून बघत होती. ती मटकन खालीच बसली. "ताई," म्हणाली, आणि तोंडावर हात. मग, "म्हणजे माझा निखिल… आणि पिंकी… दोघं यावरच झोपली?"

"आणि सगळ्यात आधी गौरी," मी म्हटलं.

"आणि मी तुम्हाला पाच वर्षं…"

आई, या क्षणासाठी माझ्याकडे पाच वर्षं वाक्यं तयार होती. अशी धारदार की शैला जन्मात विसरली नसती. भांडी घासताना, रात्रपाळीला जाताना किती घोटून ठेवलेली. एक आठवेल तर शपथ! त्याऐवजी मी तिला बोहारणीचं सांगितलं. लुगडी, गाठोडं, न झटकणं, सगळं. ज्या माणसाला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं, त्यालाच पहिल्यांदा सांगितलं. शैलानं ओट्यावरच्या पातेल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "झाकणी नाही दिली तिनं?" म्हणाली. आणि मग आम्ही दोघी जे हसायला लागलो ते सूप कलंडलं, मोहरी कपाटाखाली गेली, आणि हसता हसता रडायला कधी लागलो ते कळलंच नाही. चहा उतू गेला. जाताना ती म्हणाली, यंदा गणपतीला पाचही दिवस येते, पोरांना घेऊन.

ती गेल्यावर मी ते नख नीट हातात घेतलं. तोवर आनंदात बघितलंच नव्हतं.

गोफ नव्हता. काढून टाकलेला, कडीसकट. दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आमच्या हॉस्पिटलची पांढरी चिकटपट्टी, जी मी घरी आणून कपाटात ठेवते. तीन-तीन वेढे, कडा बोटानं दाबून बसवलेल्या, आठ वर्षांत पिवळ्या पडलेल्या. टोकाला बोट लावलं तर मऊ. आणि तेव्हा मला एक दुपार आठवली, गौरी पंधरा-वीस दिवसांची असेल. मी झोपून उठले तर घरात खूर भाजल्यासारखा वास. मी विचारलं, कसला हो वास? तुम्ही म्हणालात, खालच्या मजल्यावर कुणीतरी बोकडाचे पाय भाजतायत, सूप करणार असतील.

मी बारशात तीन बोटं मोडली होती, आई. गोफ, टोक, जंतू. मला आठ वर्षं वाटत होतं, तुम्ही माझं ऐकलं नाहीत, फक्त चारचौघांत मान खाली घातलीत. तुम्ही तर एकूण एक ऐकलं होतं. एवढं नीट माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही, तुमच्या मुलानंसुद्धा नाही.

शपथही मोडली नाहीत. गळ्यात नाही घातलंत, उशीच्या कोपऱ्यात ठेवलंत. पण देव एवढा वकील असेल की नाही याची तुम्हाला खात्री नसणार. शपथ गौरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. तोंडातून काढलं आणि पोरीला काही झालं तर? म्हणून नख हरवल्याचा आळ अंगावर घेतलात, माझ्यावर येऊ नये म्हणून ओरडलात, आणि ओरडण्यानं तो माझ्यावरच आला. काय म्हणायचं तुम्हाला? आणि ज्या शपथेनं तुमचं तोंड शिवलं गेलं ती घ्यायला लावणारी मीच. मग कुणावर रागवू?

आपला वाद मात्र मी सोडलेला नाही. नखानं काही होत नाही. गौरीला पाचव्या महिन्यात छातीत कफ भरला तेव्हा ती इंजेक्शनांनी बरी झाली, मी स्वतः दिली होती. तुम्ही म्हणणार, होय तर, पण डोकां खंय होता तिचा तेव्हा? उशीवरच मा? बरं, राहू दे. तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे.

शैलानं जाताना विचारलं होतं, आता हे कुणी ठेवायचं? मी म्हटलं, होतं तिथंच. ती म्हणाली, मला आता तिसरं नाही हं! मी म्हटलं, गौरीच्या बाळाला लागेल की. गौरी आठ वर्षांची आहे, पण उशीला काय, थांबेल.

म्हणून आज सुट्टी घेतलीय. मोहरी धुऊन गॅलरीत वाळत घातलीय, सतरंज्यांच्या शेजारी. कपाटातून चिकटपट्टीचं नवं रीळ काढलंय. जुनी पट्टी सोलून काढली, फेकवेना, डबीत ठेवलीय. आणि बोहारणीच्या पातेल्यात पाणी ठेवून नख आत सोडलंय. सगळ्या घरात तोच वास भरलाय. गौरी शाळेतून आली ती नाक दाबूनच. "आई, काय शिजवतेयस गं?"

"आजीचा वाघ," म्हटलं.

पाणी खळखळायला लागलं तेव्हा घड्याळ बघून ठेवलंय. वीस मिनिटं, आई. एक मिनिट कमी नाही.